गुरुवारी दोन ते साडेचार

शनिवार, १४. सकाळ

कांडी,

सात वर्षांनी तुला पत्र लिहितोय आणि तेही पोलिसांमुळे. काहीतरी बरं निमित्त मिळायला हवं होतं, पण बरं निमित्त शोधण्यात सात वर्षं गेली. घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, आणि गोळी एकच घेतो, तीही अर्धी.

फोन का केला नाही हे तू विचारणार नाहीस. फोन कानाला लावला की आत माशी अडकल्यासारखं वाटतं. एकतीस वर्षं शंभर मागांच्या धडधडीत उभा राहिलेला माणूस मी, समोरचं तोंड दिसलं तरच मला ऐकू येतं. म्हणून कागद.

तर झालं असं. परवा गुरुवारी, मागांच्या शेडच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या चार मोटरी चोरीला गेल्या. चोराला मोटरी नको असतात, त्यांच्या आतलं तांबं हवं असतं. दाराचं कुलूप तुटलेलं नाही, किल्लीने उघडलंय. किल्ल्या दोन, एक मॅनेजरकडे आणि एक माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकडे, म्हणजे माझ्याकडे. वॉचमनने दोन वाजता फेरी मारली तेव्हा सगळं ठीक होतं. साडेचारला दुसरी फेरी मारली तर दार सताड उघडं. मधल्या अडीच तासांत वॉचमन काय करत होता हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे. तो झोपला होता. तो तसा रोजच झोपतो आणि कुणाची हरकत नसते.

फौजदारांनी मला विचारलं, गुरुवारी दोन ते साडेचार तुम्ही कुठे होता? मी म्हटलं, घरी, झोपलो होतो. वॉचमनला चालतं तर मला का नाही, असं मला त्या क्षणी वाटलं असावं.

आता ते लोक माझ्या नातेवाइकांकडे चौकशी करणार म्हणतात. माझे नातेवाईक म्हणजे तू. एवढंच सांगायला हे पत्र. कुणी आलंच, तर बाबांचा आणि माझा सात वर्षं संबंध नाही, मला काही माहीत नाही, असं सांगून मोकळी हो. ते खरंच आहे, त्यामुळे तुला जड जाणार नाही. मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या तुझ्या नवऱ्यालाही तेच सांगायला सांग.

हे पत्र दुकान उघडायच्या आधी शटरखालून सरकवतो. तुमचं चष्म्याचं दुकान कुठे आहे ते मला लोकांनी सांगितलं.

खोकला कमी झाला का? गरम पाणी पीत जा. आणि चिंगीचा दात पडला की अजून लोंबतोय?

तुझा,
बाबा


सोमवार, १६. पाळी सुटल्यावर

कांडी,

परवाच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. फौजदारांशी बोललेलं खोटं तर काल उघडंच पडलं.

शेजारच्या मावशी गुरुवारी तीन वाजता माझी शिडी परत द्यायला आल्या होत्या. दाराला कुलूप होतं. त्या दहा मिनिटं शिडी धरून जिन्यात उभ्या राहिल्या आणि मग परत गेल्या. हे त्यांनी काल फौजदारांना मोठ्या आपुलकीने सांगितलं. वर म्हणाल्या, “ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत हो, वयामुळे विसरले असतील.” माझी बाजू घेऊन माझी इतकी वाट आजवर कुणी लावली नव्हती.

फौजदार पन्नाशीचा माणूस आहे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज म्हणे एकदम हळू. तो मला म्हणाला, “झोपलेला माणूस बाहेरून कुलूप कसं लावतो तेवढं मला शिकवा, आजोबा. मलाही उपयोगी पडेल.” गुरुवारी सकाळी दहाला चौकीत यायला सांगितलंय. तोपर्यंत नीट उत्तर नसेल तर अटक. आणि अटक झाली की शेडची नोकरी गेली, हे मॅनेजरने आपणहून सांगितलं.

तू हुशार आहेस. खोकल्याचं आणि चिंगीच्या दाताचं मला कसं कळलं हे तू पहिल्या वाचनातच हेरलं असशील.

गुरुवारी दोन ते साडेचार मी तुझ्या दुकानासमोरच्या बसथांब्यावर बसलो होतो. या गुरुवारी, आणि गेले चौदा महिने दर गुरुवारी.

पुढचं तुला माहीत आहे. तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे, म्हणून वाच.

तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. आपली एकच खोली. आई दुपारी डोळा लावायची आणि तिची झोप इतकी हलकी की भांडं सरकलं तरी जागी व्हायची. तेव्हा मी तुला शेडची बोली शिकवली. आवाज न काढता, ओठ चांगले ताणून बोलायचं. मागांच्या गोंगाटात आम्ही चार रांगा पलीकडच्या माणसाशी असंच बोलतो, त्याच्या घरची भांडणंसुद्धा आम्हाला अशीच कळतात. तू आठ दिवसांत शिकलीस. मग तू त्या भिंतीला टेकून आणि मी या भिंतीला टेकून, मध्ये आई झोपलेली, आणि आपल्या दुपारभर गप्पा. मी मध्येच थांबलो की तू मूठ आवळून हात स्वतःकडे ओढायचीस. ती माग चालू करायची खूण. म्हणजे बाबा, पुढे बोला. एकदा आपण इतके हसलो की आवाज न काढताही आई जागी झाली. आई गेल्यावर सुद्धा आपण घरात कितीतरी दिवस तसंच बोलायचो. मोठ्याने बोलायला आता हरकत नाही हे आपल्या लक्षातच येत नव्हतं.

आणि मग तू तेवीस वर्षांची झालीस. मी पाळीवरून येत होतो. समोरच्या गच्चीत तू मैत्रिणीशी बोलत होतीस. मी रस्त्यावरून वर बघितलं आणि वाचलं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या मुलाशी लग्न करायचं तू ठरवलं होतंस. आणि बाबांना रविवारी सांगणार, असंही म्हणाली होतीस. तेसुद्धा मी वाचलं होतं. त्या दिवशी शुक्रवार होता. दोन दिवस थांबलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी शनिवारीच त्याच्या घरी गेलो. माझा आवाज केवढा चढतो हे मला कधीच कळत नाही, पण त्या दिवशी आजूबाजूच्या चार घरांची दारं उघडली. त्याच्या आईला मी नाही नाही ते बोललो. मुलगा वाईट होता म्हणून गेलो नव्हतो. तू मला सोडून दुसऱ्या कुणाला आधी सांगितलंस, त्याचा राग होता. हे मी आजपर्यंत कबूल केलं नव्हतं.

तू घरी येऊन म्हणालीस, “बाबा, माझ्या तोंडातलं बोलणं मी बोलायच्या आत तुम्ही काढून घेतलंत. यापुढे माझ्या ओठांकडे बघायचं नाही. घ्या शपथ.” मी शपथ घेतली. तू गेलीस.

सहा वर्षं मी ती पाळली. त्यात माझा मोठेपणा काही नाही, तू दिसतच नव्हतीस. मग एका गुरुवारी मोटरीचा पट्टा आणायला तुमच्या रस्त्याला आलो, पाय दुखले म्हणून बसथांब्यावर टेकलो, आणि समोर काचेच्या आत तू. पहिले तीन गुरुवार मी फक्त तुझे हात बघितले, देवाशप्पथ. तू फडक्याने काच पुसत होतीस, अगदी आईसारखी, कोपऱ्यापासून मधे. चौथ्या गुरुवारी तू हसलीस आणि माझी नजर वर गेली. त्यानंतर मी थांबलो नाही.

माझी नात चिंगी मला अशी कळली. तिला दूध आवडत नाही, ती शाळेत फळ्यापाशी उभं राहून बोलायला लाजते, हे सगळं मला त्या बाकावरून कळलं. जावई आतच असतो, त्यामुळे त्याचं काहीच वाचता येत नाही. तो सुटला म्हणायचा. मध्येच बस येऊन उभी राहते आणि तुझं निम्मं वाक्य घेऊन जाते. ड्रायव्हर हात करतात, मी मान हलवतो. थांब्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, म्हणून मला एकही साक्षीदार नाही. कुणाच्या नजरेत भरू नये असा मीच बसायचो.

आता गुरुवारचं सांगतो. सव्वादोनला तुझ्यासमोर एक पांढऱ्या केसांची म्हातारी बाई बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तू तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावलीस आणि म्हणालीस, “घाई नाही, दिसेल तेवढंच वाचा.” मग दोन फ्रेमी काढल्यास. काळी घातल्यावर म्हणालीस, “हिच्यात तुम्ही अगदी हेडमास्तर दिसता.” बाईमाणसाला हेडमास्तर म्हणालीस, तरी तिचे खांदे हसताना हलत होते. तुला खोकला आला, तू पाणी प्यालीस. मग तू तिला आणखी एक वाक्य म्हणालीस. ते माझ्याबद्दल होतं. मी वाचलं, पण इथे लिहीत नाही. ते तू मला सांगितलेलं नाहीस. सव्वाचारला चिंगी दप्तर घेऊन आली आणि तोंड उघडून हलणारा दात दाखवला. मग मी उठलो.

तू गिऱ्हाइकांशी फार सावकाश बोलतेस गं, तोंड पूर्ण उघडून. म्हातारी माणसं येत असतील म्हणून असेल. माझी मात्र त्याने सोय झाली.

हे सगळं फौजदारांना सांगितलं तर ते तुझ्याकडे येऊन विचारतील आणि मी कदाचित सुटेन. पण सांगायचं तर तुझे ओठ वाचले हे चारचौघांत सांगावं लागेल, आणि तुझं बोलणं पुन्हा एकदा तुला न विचारता दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवावं लागेल. ते मी एकदा केलंय. आता तुझ्या परवानगीशिवाय करणार नाही. तू हो म्हणालीस तर सांगेन. नाही म्हणालीस किंवा काहीच म्हणाली नाहीस, तर मी झोपलो होतो.

बाबा


बुधवार, १८. दुपारी

कांडी,

तुझं उत्तर आलं नाही. तेही उत्तरच आहे. माझा राग नाही, हे आधी लिहून टाकतो म्हणजे खालचं वाचताना तुला त्रास होणार नाही.

काल एक गंमत झाली, ती सांगतो. आमच्यातला पैलवान तुला आठवतो? तोच, वारा आला की मागाला धरून उभा राहणारा. फौजदार काल शेडमध्ये आले आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये मला समोर बसवून प्रश्न विचारत होते. केबिनला काच. काचेबाहेर पंधरा हातांवर पैलवान त्याच्या मागावर. तो तिथून विचारतो, “काय म्हणतोय मिशीवाला?” मी न राहवून ओठ हलवले, “तेच ते.” फौजदारांनी ते पाहिलं. उठले, काचेबाहेर बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

“खुणा चालल्यात का? साथीदार आहे का तो तुमचा?”

मी म्हटलं, “साहेब, साथीदार नाही, चोंबडा आहे. आम्ही सगळेच असं बोलतो.”

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी हवालदाराच्या कानात एक वाक्य सांगून त्याला पैलवानाकडे पाठवलं, आणि ते पैलवानाने काचेतून मला बोलायचं असं ठरलं. पैलवान बोलला. मी सांगितलं, “साहेबांच्या मुलीची सोमवारपासून परीक्षा आहे.” वाक्य तेच होतं. मग भामट्या पैलवानाने आपल्या मनाचं एक वाक्य जोडलं, साहेबांच्या पोटाबद्दल. साहेबांनी विचारलं, “आता काय म्हणाला?” मी म्हटलं, “परीक्षेला शुभेच्छा म्हणाला.” एवढं खोटं मी पोलिसांशी आणखी बोललो, ते हिशोबात धर.

मग फौजदार जरा मऊ झाले. म्हणाले, “आजोबा, तुम्ही चोर वाटत नाही. पण मला वाटून उपयोग नाही. गुरुवारी कुठे होता तेवढं सांगा. कुणासाठी लपवताय?” मी म्हटलं, “झोपलो होतो.” त्यांनी डायरी मिटली.

तर उद्या दहाला जातो. एक बनियन, एक शर्ट आणि अर्ध्या गोळ्या पिशवीत भरल्यात. घराची किल्ली मावशींकडे देतोय. त्या रडल्या. मी त्यांना म्हटलं, शिडी तेवढी ठेवून घ्या. खिडकीत आईने लावलेली वेल आहे, अजून जिवंत आहे. तिला एक दिवसाआड पाणी घालायला त्यांना सांगितलंय. तू कधी आलीस तर एक छाटणी घेऊन जा, कुठेही लागते.

बसथांब्यावर मी यापुढे येणार नाही. सुटलो तरी येणार नाही. आता तुला ठाऊक झालंय, म्हणजे मी तिथे बसलो तर तुला तोंड फिरवून बोलावं लागेल. स्वतःच्या दुकानात तुझ्यावर ती वेळ यायला नको.

बाबा


शुक्रवार, २०. घरी, खिडकीशी

कांडी,

काल तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस, त्यामुळे माझ्या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहितोय.

मी पिशवी घेऊन चौकीत शिरलो तर काचेच्या आतल्या खोलीत तू. मला वाटलं, डोळ्यांना भास होतायत. हल्ली होतात. सात वर्षांत तुला चालती बोलती इतक्या जवळून पाहिली नव्हती. मानेशी दोन केस पांढरे झालेत तुझे. मी लगेच खाली बघितलं.

फौजदारांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. टेबलावर माझं सोमवारचं पत्र होतं, आणि ते तू आपणहून आणून दिलंस हे त्यांनी मला सांगितलं. मला पाणी मागावं लागलं. मग ते म्हणाले, “तुमची मुलगी सकाळी नऊपासून बसलीय. मी तिला म्हटलं, बाई, हे पत्र चोरीनंतरचं आहे. तुम्हीच वडिलांना सगळं सांगितलं असेल आणि त्यांनी लिहून काढलं असेल.”

“मग?”

“मग ती म्हणाली, मी सांगितलं असतं तर चूक झाली नसती. समोर म्हातारी बाई नव्हतीच. डोक्यावरून पांढरी शाल घेतलेले आजोबा होते. निवृत्त हेडमास्तर.”

हेडमास्तरांना हेडमास्तर म्हणालीस, आणि मी इकडे बाईमाणसाची कीव करत बसलो.

फौजदारांनी त्या मास्तरांना गाठलंय. त्यांनी वेळ सांगितली, काळी फ्रेम सांगितली, “घाई नाही”सुद्धा सांगितलं. पण फौजदार पडला पोलीस. तो तुला म्हणाला म्हणे, “ज्या माणसाला समोरचा बाप्या की बाई ते कळलं नाही, त्याला तुमचे ओठ कसे दिसले?” तू काय उत्तर दिलंस ते त्यांनी मला डायरीतून वाचून दाखवलं. तू म्हणालीस, “त्यांना लांबचं दिसेनासं झालंय, डोळ्यांत बहुतेक मोतीबिंदू आहे. पण माझं तोंड त्यांना पाठ आहे. आणि ते गिऱ्हाइकाकडे बघतच नव्हते.”

हे मला माझ्या तोंडावर कुणी वाचून दाखवायला नको होतं. मी रुमाल शोधत बसलो आणि तो पिशवीत बनियनखाली होता.

मग शेवटची परीक्षा. पत्रात मी जे वाक्य लिहिलं नव्हतं, ते तू एका कागदावर लिहून घडी घालून त्यांना दिलं होतंस. ते वाक्य मी सांगायचं. आणि मंगळवारी पैलवानाने त्यांना शहाणं करून सोडलेलं, म्हणून त्यांनी तुझी खुर्ची उचलून भिंतीकडे वळवली. मला फक्त तुझी पाठ आणि वेणी.

“सांगा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “सांगता येणार नाही, साहेब. ते तिचं बोलणं आहे. ती हो म्हणाली तर सांगतो.”

“अहो, ती त्यासाठीच आलीय ना?”

“ती पत्र घेऊन आलीय. त्या वाक्याचं तिने मला काही सांगितलेलं नाही.”

त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बावीस वर्षांच्या नोकरीत असा आरोपी पाहिला नाही. मग दार उघडून तुला ओरडून विचारलं, बाई, तुमची परवानगी मागतायत. तू मागे वळली नाहीस. फक्त उजवा हात वर केलास, मूठ आवळलीस आणि हात स्वतःकडे ओढलास.

फौजदार म्हणाले, “हे काय?”

मी म्हटलं, “माग चालू करा म्हणतेय.”

कांडी, वीस वर्षांनी पाहिली ती मूठ. तुला वाटलं असेल मी लगेच बोललो. मला वेळ लागला. मग मी सांगितलं. तू त्या मास्तरांना म्हणाली होतीस, “माझ्या बाबांनाही आता चष्मा लागला असेल. पण दुसऱ्या कुणी काढलेला नंबर त्यांना चालायचा नाही.”

त्यांनी कागदाची घडी उलगडली, दोनदा वाचली. आणि स्वतःचा दोऱ्याने बांधलेला चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “जा घरी. आता मॅनेजरची किल्ली गुरुवारी कुणाकडे होती ते विचारतो.” आठ दिवस हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. आज शेडवर डोकावलो तर पैलवानाने मागाआडून बातमी दिली, मॅनेजरच्या मेहुण्याकडे टेम्पो आहे आणि मेहुणा कालपासून गावात नाही. मी उद्यापासून पाळीवर जातो.

हे सगळं झालं, पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

सही करून तू माझ्या बाजूने गेलीस. हवालदार मध्ये उभा होता, आणि इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करायची ते मला तरी कळेना. तू बाहेर गेलीस, काचेचं दार मिटलं, आणि पायरीवर थांबून तू मागे वळलीस. ओठ ताणून, शेडच्या बोलीत, तू मला काहीतरी म्हणालीस. तीन-चार शब्द असतील. सुरुवातीला ओठ उघडलेले तेवढे दिसले.

आणि मी खाली बघितलं.

तुला वाईट वाटलं असेल. ये म्हणून हाक मारावी आणि समोरच्याने मान वळवावी, असं वाटलं असेल. तसं नव्हतं. काही बघावंसं मला जन्मात इतकं कधी वाटलं नव्हतं. पण चौदा महिने मी तुझी शपथ मोडली होती, आणि काल पहिल्यांदा ती पाळायची संधी मला तुझ्यासमोर मिळाली. मी चपलांकडे बघत राहिलो. डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय, ते तेवढं नीट दिसलं. वर बघितलं तेव्हा तू गेली होतीस.

त्यामुळे तू काय म्हणालीस ते मला माहीत नाही. कालपासून दुसरं काही सुचत नाही. ते “सांभाळा” असेल, “पुन्हा येऊ नका” असेल, काहीही असेल. मी ते वाचणार नाही. तू तोंडाने सांगशील तर ऐकेन, उजव्या कानाशी जरा मोठ्याने बोलावं लागेल. आणि सांगायचं नसेल तर तेही तुझंच आहे.

जावयाला आणि त्याच्या आईला सांग, मला त्यांची माफी मागायची आहे. हळू आवाजात मागेन.

तुझा,
बाबा


(दुकानाचं कार्ड. वर छापलेलं: नाव, तारीख, डोळे तपासणीची वेळ. नावाच्या जागी पेनने “बाबा”. मागे लिहिलेलं:)

बाबा,

खाली बघितलंत ते मी पाहिलं. वाईट वाटलं नाही. काय म्हणाले ते आल्यावर सांगते, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

चिंगीचा दात पडला. ती वर्षभर मला विचारतेय, समोरच्या आजोबांची बस येते कधी?

गुरुवारी दुकान दहाला उघडतं. दोनपर्यंत थांबू नका.

कांडी